तापाचा पहिला दिवस

आमच्या लहानपणी घरातील वडीलधारी माणसे १९१८ सालच्या साथीच्या गोष्टी सांगत. त्या तापाला ती ‘मानमोडी’ म्हणत. जून महिन्यात मुंबई बंदरात उतरलेला तो इन्फ्लुएंझा पावसाळा सरता सरता अधिक उग्र रूप घेऊन परतला आणि आगगाडीच्या वाटेने देशभर पसरला. आपले बऱ्हाणपूर तर मुंबईहून उत्तरेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचेच स्टेशन. त्या वेळच्या मध्यप्रांत-वऱ्हाडात मृत्यूचे प्रमाण देशातील सर्वाधिक प्रमाणांपैकी एक होते. १९२१ च्या खानेसुमारीत देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटलेली आढळली, यावरून त्या संहाराची कल्पना यावी. परंतु त्या पिढीला दोष कोणी द्यावा? माणसाला होणाऱ्या इन्फ्लुएंझाचा विषाणू हाती लागला तोच मुळी १९३३ मध्ये. औषध नव्हते. काढा, लंघन आणि देवावर भरवसा, एवढेच त्यांच्या हाती होते.

आपली गोष्ट तशी नाही. आपल्या पिढीजवळ औषधे आहेत. पण ती घरात पोहोचेपर्यंत त्यांची वेळ टळून गेलेली असते. हे मी पुस्तकातून शिकलो नाही, घरातच शिकलो. आणि म्हणूनच या महिन्याचे सदर त्यासाठी खर्ची घालीत आहे.

२०२१ साली गुढीपाडवा १३ एप्रिलला होता. दुसऱ्या दिवशी आमच्या थोरल्या वहिनींना कणकण वाटू लागली. वय सत्तरीच्या घरात, वीस वर्षांचा मधुमेह आणि मूत्रपिंडे अशक्त झालेली. चैत्रातले ऊन, त्यात पाडव्याची दगदग. ‘लू लागली असेल’ असे दादा म्हणाले आणि आम्हांलाही ते पटले. कांदा, पन्हे, तापाची गोळी असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी घशाचा नमुना दिला. अहवाल हाती आला तो सातव्या दिवशी, रामनवमीच्या आदल्या संध्याकाळी. नवव्या दिवशी त्यांना धाप लागली. मग मात्र सारे घर धावू लागले. एक पुतण्या इंदूरला, दुसरा जळगावच्या ओळखी धुंडाळीत, तर तिसरा रात्रभर टेलिफोनवर. सर्वांच्या तोंडी एकच नाव होते : रेमडेसिव्हिर. त्या महिन्यात देशभर त्या इंजेक्शनसाठी रांगा लागल्या होत्या, काळाबाजार बोकाळला होता, आणि ११ एप्रिलला केंद्र सरकारने त्याची निर्यातही बंद केली होती. बाराव्या दिवशी ते मिळाले. चैत्र सरण्याच्या आत वहिनी गेल्या.

इंजेक्शन उशिरा मिळाले म्हणून त्या गेल्या, असे आम्ही वर्षभर एकमेकांना सांगत राहिलो. पुढे थोडे वाचले, जाणत्या डॉक्टरांशी बोललो, तेव्हा ध्यानात आले की आमचा उशीर बाराव्या दिवशी झालेला नव्हता. तो पहिल्या दिवशीच झाला होता.

अशा आजाराचे साधारणपणे दोन टप्पे असतात. पहिल्या काही दिवसांत विषाणू शरीरात झपाट्याने आपली संख्या वाढवितो. त्या वेळी रुग्णाला ताप, अंगदुखी, घसादुखी यांपलीकडे फारसे काही जाणवत नाही. तो घरात हिंडतो-फिरतो, चहा मागतो. दुसऱ्या टप्प्यात विषाणूचा जोर ओसरू लागतो, पण त्याच्याशी लढताना शरीराने पेटविलेला दाह आवरत नाही आणि फुप्फुसे निकामी होऊ लागतात. विषाणुरोधक औषध विषाणूची वाढ रोखते. पेटलेला दाह विझविणे हे त्याचे काम नव्हे. म्हणजे रुग्ण बरा दिसतो तेव्हाच औषधाची खरी वेळ असते, आणि रुग्णाची अवस्था पाहून घर घाबरते तेव्हा ती बहुधा निघून गेलेली असते.

रेमडेसिव्हिरचीच गोष्ट घ्या. रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णांवरील मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत त्याने मृत्यू फारसे टळत नाहीत असे दिसल्यावरून जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्ये अशा रुग्णांना ते देऊ नये असा सल्ला दिला होता. पुढे त्याच औषधाची आणखी एक चाचणी झाली. तीत जोखमीच्या गटातील, पण अद्याप घरीच असलेल्या रुग्णांना लक्षणे दिसल्यापासून सात दिवसांच्या आत लागोपाठ तीन दिवस ते देण्यात आले. औषध मिळालेल्या २७९ जणांपैकी दोघांना, तर न मिळालेल्या २८३ जणांपैकी १५ जणांना रुग्णालय गाठावे लागले. औषध तेच, विषाणूही तोच, फरक दिवसांचा. निर्मात्रेल्व्हिर-रिटोनाव्हिर या गोळ्यांचेही तसेच. लस न घेतलेल्या व जोखीम असलेल्या रुग्णांना पाच दिवसांच्या आत त्या सुरू केल्या, तेव्हा १०३९ पैकी आठ जणांवर रुग्णालयाची किंवा मृत्यूची पाळी आली. नुसत्या दिखाऊ गोळ्या घेतलेल्या १०४६ जणांत ती ६६ जणांवर आली. एप्रिल २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जोखमीच्या रुग्णांसाठी या गोळ्यांची जोरदार शिफारस केली. धडधाकट, लस घेतलेल्या माणसांना मात्र त्यांचा तसा ठळक लाभ दिसला नाही. म्हणजे ही औषधे सर्वांसाठी नाहीत. ज्यांच्यासाठी आहेत, त्यांना वेळेवर हवीत.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. २०२१ च्या एप्रिलमध्ये यांपैकी कोणतीही गोळी आपल्या हाताशी नव्हती आणि रेमडेसिव्हिर लवकर दिल्यास उपयोगी पडते हेही सिद्ध व्हावयाचे होते. तेव्हा आम्ही शहाणपणाने वागलो असतो तर वहिनी वाचल्याच असत्या, असे मी म्हणणार नाही. परंतु पुढची साथ येईल तेव्हा ही सबब आपल्यापाशी उरणार नाही.

वास्तविक हा धडा आपल्याला त्यापूर्वीच मिळाला होता. २००९ साली जूनमध्ये स्वाइन फ्लूची जागतिक साथ जाहीर झाली आणि ३ ऑगस्टला पुण्यात एका शाळकरी मुलीच्या रूपाने तिने देशातला पहिला बळी घेतला. पुण्याच्या नायडू रुग्णालयासमोर तोंडाला रुमाल बांधलेल्या माणसांच्या रांगा लागल्याची छायाचित्रे अनेकांना आठवत असतील. त्या आजारावर ऑसेल्टामिव्हिर हे औषध होते. टॅमिफ्लू या नावाने ते घरोघरी माहीत झाले. लक्षणे दिसल्यापासून अठ्ठेचाळीस तासांत ते सुरू झाले तर सर्वांत चांगले. गंभीर रुग्णाला नंतरही ते देतात, तथापि आरंभीच्या तासांचे मोल वेगळेच. प्रथम ते सरकारी रुग्णालयांतूनच मिळे. मग कडक नियमांखाली मोजक्या दुकानांतून मिळू लागले. आणि २०१७ मध्ये ते नियम सैल करण्यात आले.

स्वाइन फ्लूविषयी केंद्र सरकारने डॉक्टरांसाठी काढलेल्या मार्गदर्शनात एक फार शहाणपणाची गोष्ट होती. ताप आणि घसादुखी असलेला रुग्ण गरोदर स्त्री, लहान मूल, पासष्टीपुढचा वृद्ध, अथवा मधुमेह, हृदय, फुप्फुस, मूत्रपिंड, कर्करोग यांपैकी एखाद्या विकाराचा असेल, तर तपासणीची वाट न पाहता औषध सुरू करावे, असे त्यात सांगितले होते. अशा माणसाचे दोन दिवस अहवालाची वाट पाहण्यात दवडणे परवडत नाही, हे तेव्हा कागदावर उतरले होते. कोविडमध्ये तपासणी आवश्यक होती हे खरे. परंतु तपासणी आवश्यक असेल तर ती पहिल्याच दिवशी करावी, हे आम्हांला का सुचू नये?

न सुचण्याची कारणे आपल्या घरांतच सापडतात. एक तर आजारपणाला साधे नाव देण्याची आपली सवय. ऊन बाधले, पाणी बदलले, जागरण झाले! साथ नसताना ही नावे बहुतेक वेळा खरी ठरतात, म्हणूनच साथीत ती घातक होतात. दुसरे, घरातील वृद्ध स्त्रियांची सोशिकता. वहिनींनी पहिल्या दिवशी कोणाला सांगितलेच नव्हते. स्वयंपाक आटोपून त्या पडून राहिल्या. आणि तिसरे कारण आपल्यासारख्या सीमेवरच्या गावांचे. बऱ्हाणपुरातील कितीतरी मराठी घरांचे मोठे डॉक्टर एक इंदूरला, एक जळगावला किंवा भुसावळला असतात, आणि मुले पुण्या-मुंबईला. मूत्रपिंडाचा कागद एका पिशवीत, साखरेचा दुसऱ्या, आणि हृदयाच्या गोळ्यांची चिठ्ठी मुलाच्या टेलिफोनमध्ये. २० मार्च २०२१ पासून मध्य प्रदेश सरकारने महाराष्ट्राशी असलेली बसवाहतूक थांबविली, तेव्हा आमचे निम्मे कागद आणि एक डॉक्टर सीमेच्या पलीकडे राहिले.

या कागदांना एवढे महत्त्व का? रिटोनाव्हिर हे द्रव्य यकृतात इतर औषधांचा निचरा मंद करते. त्यामुळे कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या, रक्त पातळ करणारी काही औषधे, हृदयाची गती सांभाळणाऱ्या काही गोळ्या, मूत्रपिंडरोपणानंतर घ्यावी लागणारी टॅक्रोलिमससारखी औषधे रक्तात साठून अपाय करू शकतात. मूत्रपिंडे अशक्त असतील तर ऑसेल्टामिव्हिरची मात्राही बदलावी लागते. डॉक्टरांपुढे ही माहिती नसेल तर सावध डॉक्टर थांबतो, तपासण्या लिहून देतो, आणि त्यात दोन दिवस जातात. ते दोन दिवस आपण घरबसल्या वाचवू शकतो.

तेव्हा वाचकहो, या महिन्यात एवढे एकच काम करा. घरातील साठीपुढच्या, दीर्घ आजाराच्या किंवा दिवस गेलेल्या प्रत्येक माणसासाठी एकेक कागद लिहा. त्यावर वय आणि वजन, कोणते विकार व केव्हापासून, सध्या चालू असलेले प्रत्येक औषध, त्याच्या मात्रेसह, आयुर्वेदिक असले तरीही, कशाची ॲलर्जी, क्रिएटिनिन व साखरेचा शेवटचा आकडा, तारखेसह, घेतलेल्या लशी. खाली गावातील डॉक्टरांचा आणि बाहेरगावच्या तज्ज्ञांचा टेलिफोन. आणि सर्वांत खाली एक ओळ कोरी ठेवा : ‘ताप आला तो दिवस आणि वेळ’. पुढचे सारे दिवस त्या ओळीपासून मोजावयाचे असतात, अहवालाच्या तारखेपासून नव्हे. आपल्या डॉक्टरांना आजच, ताप नसताना, विचारून ठेवा : साथीत या माणसाला ताप आला तर तपासणी कोठे करावयाची, औषध द्यावयाचे ठरले तर कोणते, आणि ते गावात मिळते काय?

दोन इशारे मात्र द्यावयास हवेत. या गोळ्या आणून कपाटात साठवू नयेत आणि आपल्या मनाने घेऊ नयेत. २०२१ मध्ये गरज नसताना, ऑक्सिजन उत्तम असताना, कित्येकांनी स्टिरॉइड घेतले. दाह पेटलेल्या व ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णांना जीवदान देणारे ते औषध. पण अवेळी आणि अमाप घेतल्यामुळे मधुमेही माणसांत काळ्या बुरशीचे संकट वाढले. दुसरे असे की लशीची जागा कोणतीही गोळी घेऊ शकत नाही. लस हे आधीचे काम, औषध हे नंतरचे.

आणि आपला कागद लिहून झाल्यावर शेजारीही पाहावे. आपल्याकडे भांडी घासावयास येणाऱ्या बाई, यंत्रमागावर रात्रपाळी करणारा आणि दम्याने खोकणारा शेजारी, यांचा कागद कोण लिहिणार? एक पान आणि अर्धा तास एवढाच त्याला खर्च आहे.

२०२३ च्या मार्चमध्ये इन्फ्लुएंझाची साथ पुन्हा फिरत होती. दादांना जुना दमा आहे. एका संध्याकाळी त्यांना थंडी वाजून ताप आला. सुनेने कपाटाच्या दारावर आतून चिकटवलेला कागद काढला, रिकाम्या ओळीत वेळ लिहिली आणि ती दादांना घेऊन डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी कागद वाचला, दोन प्रश्न विचारले आणि त्याच रात्री ऑसेल्टामिव्हिर सुरू केले. आठवड्याने दादा अंगणात बसू लागले. औषधानेच ते बरे झाले असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. ताप आपोआपही उतरला असता कदाचित. परंतु त्या वेळी घरात कोणी धावाधाव केली नाही, आणि कोणाच्या मनाला पुढे टोचणीही लागली नाही.

दादांनी तो कागद पुन्हा जागेवर लावला. शेजारी अजून वहिनींची जुनी चिठ्ठी आहे. ती काढण्यास ते तयार नाहीत.