चढणीचा मासा आणि बंधाऱ्याचे दरवाजे

शहागडजवळ गोदावरी आता तुकड्यातुकड्यांनी वाहते. वर पैठणचे जायकवाडी धरण (1976), त्याखाली आपेगाव आणि हिरडपुरीचे बंधारे. शहागडच्या पुढे जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी अशी उच्च पातळी बंधाऱ्यांची रांग लागते. मृगाच्या पहिल्या गढूळ पाण्याबरोबर खवली, मळ्या असले बोटभर मासे वरच्या उथळ पाण्याकडे निघतात. त्यांना बंधाऱ्यातून वाट ठेवावी म्हटले की ठरलेले उत्तर मिळते: माशांची शिडी हे परदेशी चोचले, पावसाळ्यात दरवाजे उघडतातच, आणि मासा कमी पडलाच तर बोटुकली सोडता येते.

बोटुकलीचे उत्तर सर्वांत सोपे आणि सर्वांत पोकळ. सोडली जाते ती प्रामुख्याने कटला, रोहू, मृगळ यांची, म्हणजे उत्तरेकडच्या नद्यांतल्या माशांची. खवलीचा दुष्काळ कटल्याने फिटत नाही.

दरवाजांचा मुद्दा मात्र फार शहाणपणाचा वाटतो, म्हणून तो नीट तपासावा लागतो. दरवाजा थोडाच उचलला आणि मागे 5 मीटर पाणी असले, तर खालून सुटणारी धार सेकंदाला सुमारे 10 मीटर वेगाची असते. 8 सेंटिमीटरचा मासा जिवाच्या आकांताने सेकंदाला स्वतःच्या लांबीच्या साधारण दहापट, म्हणजे 80 सेंटिमीटर जातो. त्याने त्या धारेत शिरावे अशी अपेक्षा कार्यालयात बसूनच करता येते. दरवाजे पूर्ण वर गेले आणि दोन्हीकडची पातळी जुळली, तर वाट मिळते, हे खरे. पण मासा निघतो पहिल्या पाण्याला, आणि पहिले पाणी तर अडवायचे असते. याच नदीवरच्या बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे 2013च्या न्यायनिवाड्यानुसार 1 जुलै ते 28 ऑक्टोबर उघडे असतात, तेही दोन राज्यांच्या पाणीवाटपासाठी. माशांनी त्या तारखा पाळाव्यात, एवढेच बाकी आहे.

वाट हवीच असती तर मासे केव्हाच संपले असते, हा जुना युक्तिवादही अधूनमधून डोके काढतो. आहेत ते मासे वाट असल्याचा पुरावा नव्हेत. ते आपापल्या तुकड्यात अडकलेले असू शकतात.

शिडीवरचा आक्षेप अर्धा बरोबर आहे. कोलंबिया नदीवरच्या बॉनव्हिल धरणाची शिडी (1938) दांडग्या सॅल्मनसाठी होती. पायरीला 30 सेंटिमीटरचा उतार दिला की पाण्याचा वेग सेकंदाला 2.4 मीटरवर जातो. खवलीला 3 सेंटिमीटरच झेपतील. म्हणून इथे शिडीऐवजी काठाने काढलेला, दगडगोट्यांचा, संथ उताराचा चर हवा. त्यातले पाणी वायाही जात नाही. हिरडपुरीला सोडलेले जोगलादेवीच्या साठ्यात जमा होते. जायकवाडीला हे लागू नाही: 41 मीटर उंचीला तीसास एक उतार धरला तरी सव्वा किलोमीटर चर लागेल. बंधाऱ्यांवरही तो जूनमध्ये चढणीसाठी आणि ऑक्टोबरात परतीसाठी वाहता ठेवावा लागेल आणि त्याच्या तोंडाशी पहारा लागेल, कारण चढणीच्या माशाला जाळे लावायला त्याहून सोयीची जागा नाही.