आधी दवाखाना, मग कोठडी

सुरत पोलिसांच्या ‘नो ड्रग्ज इन सुरत सिटी’ मोहिमेचा बडगा विक्रेत्यांवर पडावा; इंजेक्शनने नशा करणाऱ्याला मात्र कोठडीआधी दवाखान्याची वाट मिळावी, अशी आमची भूमिका आहे. धाकाने नशा सुटत नाही, आडोशाला जाते. तिथे एकच सुई चौघांत फिरते आणि एचआयव्ही, हेपॅटायटिस सी घरापर्यंत पोहोचतात. वापरलेली सिरिंज काय करते हे गुजरातने 2009 मध्ये मोडासाच्या हेपॅटायटिस बी साथीत पाहिले आहे. तिथे तर सुई दवाखान्यातलीच होती.

त्यामुळे वापरलेल्या सुईच्या बदल्यात नवी सुई मोफत मिळायला हवी. मोफत सुया म्हणजे व्यसनाला सरकारी मुभा, हा आक्षेप प्रामाणिक असला तरी टिकत नाही. सुई बदलायला येणाऱ्यालाच तपासणी आणि बुप्रेनॉर्फिनचा पर्यायी उपचार सुचवता येतो. न येणाऱ्याला काय सुचवणार? शिवाय 2017च्या एचआयव्ही-एड्स कायद्याच्या कलम 22 ने असे उपाय गुन्ह्याच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत. हे कलम गस्तीवरच्या हवालदारालाही ठाऊक हवे. म्हणूनच पोलीस आयुक्तांनी लेखी आदेश काढावा: सुई देणारा कार्यकर्ता वा ती घेणारा रुग्ण, केवळ त्या कारणाने कुणालाही पकडले जाणार नाही. महापालिकेने तो आदेश आरोग्य केंद्रांत लावावा, उधना-लिंबायतमध्ये मराठीतूनही.