संगणकाच्या पोटातला संगणक रुसतो तेव्हा



उपकरण बंद पडले की काय करायचे हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेलेले आहे. पूर्वी रेडिओच्या पाठीवर थाप मारीत. आता संगणक बंद करून पुन्हा चालू करतात, आणि तेवढ्याने भागले नाही तर रुसलेली आज्ञावली काढून टाकून नव्याने बसवतात. थापेने रेडिओ कधीकधी खरेच सुरू होई, आणि आज्ञावलीही कधीकधी सुरू होते. पण बिघाड कशात होता हे मात्र थाप मारणाऱ्यालाही कळत नसे आणि पुन्हा बसवणाऱ्यालाही कळत नाही. या ‘काढा आणि पुन्हा बसवा’ पद्धतीविरुद्ध मला आज बोलायचे आहे.

उदाहरण मुद्दाम जरा गुंतागुंतीचे घेतो : लिनक्सवर चालणाऱ्या आभासी यंत्राचे, म्हणजेच व्हर्चुअल मशीनचे. मी भौतिकशास्त्र शिकवतो. पण बिघाड शोधण्याची रीत संगणकाला एक आणि प्रयोगशाळेला दुसरी अशी नसते. ही रीत आपण विद्यार्थ्यांना शिकवीत नाही, ही माझी तक्रार आहे.

आभासी यंत्र म्हणजे काय? समजा, तुमच्या संगणकावर उबुंटू ही लिनक्स कार्यप्रणाली आहे, आणि तुम्हाला हवी असलेली एक आज्ञावली फक्त विंडोजवर चालते. अशा वेळी दुसरा संगणक विकत घ्यायची गरज नसते. व्हर्चुअलबॉक्ससारखी आज्ञावली तुमच्या संगणकाच्या पोटात एक दुसरा संगणक भासवते. त्याला स्मृतीचा एक वाटा मिळतो. त्याची डिस्क म्हणजे तुमच्याच डिस्कवरची एक मोठी फाइल असते. बाहेरच्या संगणकाला यजमान म्हणतात आणि आतल्याला पाहुणा. आपण दुसऱ्याच्या घरात राहतो आहोत याचा पाहुण्याला बहुतांशी पत्ताच नसतो!

ही कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीने १९६० च्या दशकातच मोठ्या संगणकांवर हा प्रयोग केला होता, आणि १९७२ साली तिने ‘व्हीएम/३७०’ ही प्रणाली बाजारात आणल्याचे जाहीर केले. घरगुती संगणकांच्या प्रोसेसरमध्ये यासाठी खास सोय आली ती मात्र २००५-०६ च्या सुमारास. इंटेलच्या सोयीचे नाव ‘व्हीटी-एक्स’ आणि एएमडीच्या सोयीचे ‘एएमडी-व्ही’.

आता बिघाडाकडे वळू. काल रात्री पाहुणा नीट चालत होता. आज सकाळी सुरू करायला जावे तर पडद्यावर चौकट उमटते : ‘कर्नल ड्रायव्हर नॉट इन्स्टॉल्ड’, आणि पुढे कंसात एक आकडा, उणे १९०८. विद्यार्थी म्हणतो, “सर, मी काहीच केलं नाही!” तो खोटे बोलत नसतो. त्याने स्वतः काही केलेले नसते, तरी कालच्या आणि आजच्या संगणकात काहीतरी फरक पडलेला असतोच. मग पहिला प्रश्न आपोआप सुचायला हवा : कालपासून आजपर्यंत काय बदलले?

या प्रश्नाचे उत्तर संगणकच देतो. उबुंटू आपल्या अद्ययावतीकरणाची रोजनिशी ठेवतो. ‘व्हार’ या कप्प्यातल्या ‘लॉग’मध्ये ‘एपीटी’ नावाचा कप्पा आहे, त्यात ‘हिस्टरी’ ही फाइल आहे. ती उघडून पाहा. बहुधा असे दिसेल की काल रात्री संगणकाने नवा कर्नल उतरवून घेतला. कर्नल म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा. प्रोसेसर, स्मृती, डिस्क यांच्याशी थेट व्यवहार करण्याचा अधिकार त्याचा.

हा संशयित झाला. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. पुराव्यासाठी एक सुंदर प्रयोग हाताशी आहे, आणि त्याला एक पैसाही लागत नाही. उबुंटू नवा कर्नल घेतो तेव्हा आदला लगेच फेकून देत नाही. संगणक सुरू होताना ग्रब नावाची यादी येते. (ती दिसत नसेल तर अगदी सुरुवातीला एस्केप कळ दाबावी.) तिच्यातल्या ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जुना कर्नल निवडता येतो. तो निवडा आणि पाहुण्याला उठवा.

पाहुणा उठला, तर या एका प्रयोगाने काय काय साधले ते बघा. पाहुण्याची डिस्क शाबूत आहे. व्हर्चुअलबॉक्स शाबूत आहे. प्रोसेसरमधली सोय चालू आहे. या तिघांवरचा संशय एका फटक्यात दूर झाला, कारण जुन्या कर्नलखाली तेच तिघे काम करीत आहेत. बदलला तो फक्त कर्नल. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकीच्या तशाच ठेवायच्या, हे आपण बॉइलचा नियम शिकताना तापमान स्थिर ठेवून केलेले असते. तिथे ते पुस्तकात छापलेले असते म्हणून करतो. इथे ते स्वतःला सुचावे लागते.

आणि ज्याने तेवढ्यात व्हर्चुअलबॉक्स काढून पुन्हा बसवले असेल, त्याने काय केले? जे निर्दोष होते त्यालाच घराबाहेर काढून पुन्हा आत घेतले. गंमत अशी, की पुष्कळदा त्यानेही काम होते! कारण बसवण्याच्या ओघात हरवलेला एक लहानसा भाग पुन्हा तयार होतो. पुढचा कर्नल आला की तोच खेळ नव्याने सुरू.

तो लहानसा भाग कोणता? व्हर्चुअलबॉक्सला प्रोसेसरची खास सोय वापरायची असते, आणि तो अधिकार तर कर्नलचा. म्हणून व्हर्चुअलबॉक्स आपला एक मुनीम कर्नलच्या पेढीवर बसवते. हा मुनीम म्हणजे ‘व्हीबॉक्स-डीआरव्ही’ नावाचे मॉड्यूल. तो ज्या कर्नलसाठी घडवला त्याच कर्नलखाली काम करतो. कर्नल बदलला की मुनीम नव्याने घडवावा लागतो. उबुंटूच्या स्वतःच्या भांडारातून व्हर्चुअलबॉक्स घेतले असेल तर हे काम ‘डीकेएमएस’ नावाची व्यवस्था आपण झोपेत असताना करून टाकते. मात्र त्यासाठी तिला नव्या कर्नलच्या हेडर फायली लागतात. त्या नसतील, किंवा घडवताना काही चूक निघाली, तर पेढीवर मुनीमच नाही.

पुढचा प्रश्न म्हणून संगणकालाच विचारायचे : हे मॉड्यूल कर्नलमध्ये चढवून दाखव. ही आज्ञा ‘मॉडप्रोब’ या नावाची. अशा वेळी मिळणारी दोन उत्तरे मी विद्यार्थ्यांना शेजारी शेजारी लिहून घ्यायला लावतो. एक उत्तर येते की मॉड्यूल सापडले नाही. दुसरे येते की किल्ली नाकारली गेली. दोन्हींचा परिणाम एकच, पाहुणा उठत नाही. पण कारणे अगदी निराळी. पहिल्यात मुनीम घडलाच नाही. हेडर फायली आणून तो घडवला की झाले. दुसऱ्यात मुनीम घडला, दारापर्यंत आला, पण त्याच्या ओळखपत्रावर सही नाही म्हणून पहारेकऱ्याने आत सोडले नाही. या पहारेकऱ्याचे नाव सिक्युअर बूट. हा प्रकार विशेषतः नव्या संगणकावर पहिल्यांदा व्हर्चुअलबॉक्स बसवताना भेटतो. बसवताना एक संकेतशब्द मागितला जातो, पुढच्या वेळी संगणक सुरू होताना निळा पडदा येतो, आणि तिथे तोच संकेतशब्द देऊन किल्लीची नोंद करायची असते. तो पडदा काही सेकंदच थांबतो. आपण बेसावध असलो तर नोंद राहून जाते.

अशा वेळी ‘सिक्युअर बूट बंद करून टाका’ हा सल्ला हमखास मिळतो. बंद केले की पाहुणा उठतोही. पण मला हा सल्ला पसंत नाही. सहीचा कागद राहिला म्हणून पहारेकऱ्यालाच नोकरीवरून काढण्यातला हा प्रकार आहे. निळ्या पडद्यापाशी परत जाऊन नोंद करायला पाच मिनिटे लागतात.

आता थोडे आमच्या प्रयोगशाळेत येऊ. अकरावी-बारावीला पोटेन्शिओमीटरचा प्रयोग असतो. तारेवर जॉकी सरकवत जायची आणि गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर येतो तो बिंदू शोधायचा. पुष्कळदा काटा तारेच्या दोन्ही टोकांना एकाच बाजूला झुकतो, शून्य सापडतच नाही. विद्यार्थी काय करतो? सगळ्या तारा सोडवतो आणि पुन्हा जोडतो! वास्तविक काटा बोलत असतो. जॉकी पुढे नेताना झुकाव कमी कमी होत गेला पण शून्याला पोचला नाही, तर तारेला वीज पुरवणारी बॅटरीच मोजायच्या घटापेक्षा कमी दाबाची आहे. उलट झुकाव वाढत गेला, तर घटाची धन-ऋण टोके उलटी जोडली आहेत. मॉड्यूल ‘सापडले नाही’ आणि ‘नाकारले’ यांत जो फरक, तोच इथे आहे. सगळ्या तारा सोडवल्या की हा पुरावाच नाहीसा होतो.

हल्ली आणखी एक सवय दिसते. चौकटीत आलेला संदेश न वाचताच बंद करायचा, आणि इंटरनेटवर किंवा संगणकातल्या बोलक्या साहाय्यकाला विचारायचे की ‘व्हर्चुअलबॉक्स चालत नाही, काय करू?’ डॉक्टरांकडे जाऊन ‘बरे वाटत नाही’ एवढेच सांगण्यासारखे हे आहे. उत्तरादाखल दहा आज्ञा येतात, प्रत्येकीच्या आधी ‘सुडो’ हा शब्द, म्हणजे संगणकावरचे सर्वाधिकार बहाल. त्या दहाही आज्ञा एकामागून एक चिकटवल्या जातात. आमच्याकडच्या एका विद्यार्थ्याने अशाच धांदलीत पाहुणा यंत्र यादीतून काढताना ‘सर्व फायली पुसा’ हा पर्याय निवडला. त्याच्या प्रकल्पाची दोन महिन्यांची निरीक्षणे पाहुण्याच्याच डिस्कवर होती, दुसरी प्रत कुठेही नव्हती. मूळ बिघाड हेडर फायलींचा होता. डिस्कला काहीही झालेले नव्हते.

संदेश वाचा म्हणतो, तेव्हा तो वेदवाक्य माना असे मात्र मी म्हणत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये लिनक्स कर्नलची ६.१२ ही आवृत्ती आली. कर्नलचे स्वतःचे आभासी यंत्र चालवणारे अंग आहे, त्याचे नाव केव्हीएम. २००७ पासून ते कर्नलमध्ये आहे. ६.१२ पासून हे अंग कर्नलमध्ये चढताक्षणी प्रोसेसरची सोय ताब्यात घेऊ लागले. आधी ते एखादे यंत्र खरोखर सुरू होईपर्यंत थांबत असे. साहजिकच व्हर्चुअलबॉक्स आले तर जागा अडलेली! त्याने दिलेल्या संदेशात कारण बरोबर होते, पण उपाय सांगितला होता तो केव्हीएम काढून कर्नल नव्याने घडवण्याचा. प्रत्यक्षात केव्हीएमचे मॉड्यूल तात्पुरते उतरवण्याची एक आज्ञा पुरेशी होती. निदान एक गोष्ट आणि औषध दुसरी, हे अशा वेळी कळते.

यावर काही शिक्षकमित्र म्हणतील, ‘एवढा वेळ कुणाला आहे? पुन्हा बसवायला दहा मिनिटे लागतात, शोधायला दोन तास.’ कार्यालयात बसलेल्या माणसाच्या बाबतीत मी हे मान्य करीन. त्याला संध्याकाळपर्यंत काम संपवायचे असते. पण शिकणाऱ्याचे काम कोणते? त्याला त्या दोन तासांत जे मिळते तेच आपण प्रयोगशाळेत द्यायला हवे, आणि नेमके तेच देत नाही. प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी आम्ही सगळी उपकरणे तपासून, दुरुस्त करून ठेवतो. विद्यार्थ्याला उत्तर आधीच ठाऊक असते, आणि गुण त्या उत्तराच्या जवळ जाण्याचे असतात. बिघडलेले उपकरण समोर आल्याशिवाय तो संशय घ्यायला शिकणार कुठून?

माझी सूचना अशी : वर्षातून निदान दोन तासिका मुद्दाम बिघडवलेल्या उपकरणांसाठी ठेवाव्यात, आणि गुण शोधाच्या नोंदींना द्यावेत. काय दिसले, कशाचा संशय आला, तो तपासण्यासाठी कोणती एकच गोष्ट बदलली, मग काय दिसले. उपकरण शेवटपर्यंत सुरू झाले नाही तरी नोंदी चांगल्या असतील तर पूर्ण गुण. साठ मुलांच्या वर्गात उपकरणे बिघडवणे परवडत नाही ही अडचण खरी आहे. पण आभासी यंत्र इथेच उपयोगी पडते. पाहुणा बंद करून त्याचा स्नॅपशॉट घ्या, म्हणजे त्याच्या त्या क्षणीच्या स्थितीची नोंद होते. मग एका जोडीने त्यात एक खोडी करावी. जाळ्याची आभासी तार काढावी, स्मृती अगदी थोडी ठेवावी, किंवा सुरू होण्याचा क्रम बदलावा. दुसऱ्या जोडीने ती शोधावी. तासिका संपली की स्नॅपशॉटवर परत, यंत्र जसेच्या तसे!

शाळेत एकच संगणक असेल तरी चालेल. बाकीच्यांनी फळ्यावर नोंदी लिहाव्यात. सुरुवातीला खोडी एकच असू द्या. दोन खोड्या एकत्र झाल्या की आमच्या एमएस्सीच्या मुलांचीही भंबेरी उडते.