लेन्स विकली, पुढे काय?

चष्म्याचा नंबर घालवण्यासाठी पीआरके ही लेझर शस्त्रक्रिया केली, की डॉक्टर त्याच टेबलावर रुग्णाच्या डोळ्यात एक मऊ कॉन्टॅक्ट लेन्स बसवतात. कॉर्निया म्हणजे डोळ्याचा सर्वांत पुढचा पारदर्शक पडदा. त्याचा वरचा पापुद्रा काढलेला असतो; तो पुन्हा धरेपर्यंत पापणी घासू नये म्हणून ही पट्टी. रुग्ण चार-पाच दिवस ती घालूनच झोपतो. त्याच गावातली एखादी मुलगी लग्नाहून उशिरा परतली आणि तशीच लेन्स घालून झोपी गेली, तर डॉक्टर तिला रागावतात. रागावणं योग्यच आहे. मग एकाला जो उपचार, तो दुसरीला धोका कसा? पहिल्याच्या हातात अँटिबायोटिकचे थेंब असतात, तपासणीची तारीख ठरलेली असते आणि लेन्स काढायचं काम डॉक्टरांचं असतं. दुसरीच्या हातात फक्त दुकानाची पावती असते.

कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात. त्याला लागणारा प्राणवायू बराचसा हवेतून, अश्रूंच्या थरातून मिळतो. झोपेत पापण्या मिटल्या की हा पुरवठा तसाही घटतो, त्यात लेन्सची भर. शिवाय पापण्यांची उघडझाप थांबल्याने लेन्सखालचे अश्रू साचून राहतात आणि जंतूंना ठाण मांडायला सवड मिळते. 1989 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मऊ लेन्स फक्त दिवसा वापरणाऱ्या 10,000 लोकांमागे वर्षाला सुमारे 4 जणांना कॉर्नियाचा जंतुसंसर्ग झाला. रात्रीही लेन्स ठेवणाऱ्यांत हा आकडा 21च्या घरात होता. दोष प्राणवायूच्या तुटवड्याचा, असं मानून कंपन्यांनी भरपूर प्राणवायू आत सोडणाऱ्या सिलिकॉन हायड्रोजेलच्या लेन्स आणल्या. 2008 साली ऑस्ट्रेलियातले आकडे आले. दिवसा मऊ लेन्स वापरणाऱ्यांत 10,000 मागे साधारण 2, तर सिलिकॉन हायड्रोजेल लावून झोपणाऱ्यांत 25. लेन्स सुधारली, तरी रात्रीचा धोका हटला नाही. त्याच आकड्यांची दुसरी बाजूही सांगायला हवी: नीट वापरली तर लेन्स बरीच सुरक्षित आहे. माझी तक्रार लेन्सविरुद्ध नाही, ती हातात देऊन मोकळं होण्याविरुद्ध आहे.

पाण्याचंच बघा. अकॅन्थअमीबा हा सूक्ष्म जीव नळाच्या, टाकीच्या, विहिरीच्या पाण्यात आणि पोहण्याच्या तलावात सापडतो. स्वतःभोवती कवच करून तो क्लोरीनलाही दाद देत नाही. तो कॉर्नियात शिरला तर उपचार महिनोन् महिने चालतात आणि वेदना असह्य असतात. म्हणून लेन्स नळाखाली धरायची नाही, आरओच्या पाण्यानेही धुवायची नाही. ते पाणी पिण्यायोग्य असतं, निर्जंतुक नसतं. लेन्स घालून आंघोळ आणि पोहणं टाळायचं. डबीतलं कालचं सोल्यूशन ओतून टाकायचं, त्यात नवं मिसळायचं नाही. डबी कोरडी करून पालथी ठेवायची आणि दर तीन महिन्यांनी बदलायची. सोल्यूशनवरही डोळे झाकून विसंबता येत नाही. 2006 साली फ्युझेरियम बुरशीच्या संसर्गाची साथ उद्भवल्यावर बॉश अँड लॉम्बला ‘रेन्यू विथ मॉइश्चरलॉक’ जगभरातून मागे घ्यावं लागलं होतं. यातलं किती दुकानदार गिऱ्हाइकाला समोर बसवून सांगतात?

खरा घात त्यापुढे होतो. डोळा लाल झाला की घरात निदान तयार असतं: डोळे आलेत. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून चिठ्ठीविना थेंब येतात आणि त्यांत कित्येकदा स्टिरॉइड असतं. दोन दिवस लाली ओसरते, बरं वाटतं. आत बुरशी किंवा अमीबा मोकाट वाढतो. डॉक्टरांकडे जाईपर्यंत जखम खोल गेलेली असते आणि ती भरली, तरी डोळ्यात फूल पडतं. ते बरोबर मध्यावर असेल तर नजर गेलीच, मग कॉर्नियारोपणाची वाट बघायची.

आता ज्यांचा लेन्सशिवाय निभाव लागत नाही, त्यांच्याकडे वळू. केराटोकोनसमध्ये कॉर्निया पातळ होत शंकूसारखा पुढे येतो. नागपूरजवळच्या ग्रामीण भागात झालेल्या ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’त 2.3 टक्के प्रौढांमध्ये कॉर्नियाचा असा फुगवटा आढळला होता. आजार वाढला की चष्मा कामाचा राहत नाही. कडक आरजीपी लेन्स किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी स्क्लेरल लेन्स लागते. ती नीट दिसण्यापुरतीच असते. आजाराची वाढ रोखायला क्रॉसलिंकिंग ही प्रक्रिया वेगळी करावी लागते. औषधाच्या तीव्र प्रतिक्रियेने होणाऱ्या स्टीव्हन्स-जॉन्सन आजारात डोळे इतके कोरडे पडतात, की उजेड सहन होत नाही. स्क्लेरल लेन्सखाली धरलेला द्रवाचा थर अशा डोळ्याला दिवसभर ओला ठेवतो. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत असे उपचार होतात. जन्मजात मोतीबिंदू काढलेल्या तान्ह्या बाळालाही लेन्स बसवतात आणि ती घालणं-काढणं आई शिकते. या सगळ्यांना हात धुण्यापासून शिकवतात, समोर सराव करून घेतात, पुन्हा पुन्हा बोलावतात. दुखऱ्या, कमकुवत डोळ्यांना ही शिस्त झेपते, तर धडधाकट डोळ्यांच्या गिऱ्हाइकाला का झेपू नये?

दुकानदार म्हणतील, एवढं केलं तर लेन्स महाग होईल. लेन्स घालायला, काढायला शिकवणं हे साधारण अर्ध्या तासाचं काम आहे. लग्नसराईत शून्य नंबरच्या रंगीत लेन्स तर बांगड्यांसारख्या विकल्या जातात. पार्लरमध्ये, ऑनलाइनही मिळतात आणि बहिणी-बहिणींत त्यांची अदलाबदलही होते. डोळ्याचं माप नाही, शिकवणी नाही. अमेरिकेत 2005 पासून रंगीत, बिननंबरी लेन्सलाही वैद्यकीय साधन मानलं जातं आणि तिला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. आपल्याकडेही प्रत्येक लेन्सला तोच न्याय हवा: आधी माप, मग सराव, मग ठरलेल्या तारखेला तपासणी. या तीन गोष्टी न देणाऱ्याला लेन्स विकू देऊ नये.

तोवर आपल्यापुरतं एवढं करा. डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड खुपू लागला किंवा अंधुक दिसू लागलं, तर लेन्स ताबडतोब काढा, पण फेकू नका. लेन्स आणि डबी घेऊन त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. जंतू कोणता, याचा छडा कधी कधी त्या डबीतूनच लागतो. आणि पुढची जोडी घेताना दुकानदाराला किमतीच्या आधी एकच प्रश्न विचारा: तपासायला परत कधी येऊ? उत्तर मिळालं नाही, तर दुकान बदला.