नवा मदरबोर्ड आणि जुनें कुलूप

या सदराकडे गेल्या कांहीं महिन्यांत आलेल्या पत्रांत एक तक्रार वारंवार दिसते. घरींच जुळविलेल्या संगणकाचा मदरबोर्ड बदलला आणि तेव्हांपासून यंत्र सुरूच होत नाहीं. आतां काय करावें? या प्रश्नाचें उत्तर चार साधारण नियम सांगून मी देणार होतों. परंतु २०२५ च्या दिवाळींत हाच प्रसंग आमच्याच घरांत घडला, आणि दोन दिवस घरांतील कोणाच्याहि घशाखालीं फराळाचा घांस धड उतरला नाहीं. तेव्हां नियमांपेक्षां ती हकीकत सांगणेंच अधिक उपयोगाचें होईल.

आमच्या बैठकीच्या खोलींतील संगणक २०१७ सालचा. त्याचा मुख्य उपयोग करणारे गृहस्थ म्हणजे आमचे थोरले बंधु, दादा. सेवानिवृत्त झाल्यावर त्यांनीं घराण्याचा कुलवृत्तांत लिहावयास घेतला. सात वर्षें ते त्याच्या पाठीस लागले आहेत. कोंकणांत मूळ गांवीं जाऊन मोडी कागदांचीं छायाचित्रें घेतलीं, दूरदूरच्या भाऊबंदांना पत्रें लिहिलीं, आणि त्या वर्षींच्या पावसाळ्यांत आमच्या शहाण्णव वर्षांच्या आत्यापाशीं रोज सायंकाळीं बसून तिच्या आठवणी तिच्याच आवाजांत उतरवून घेतल्या. भाद्रपदांत आत्या गेली. पुतण्यानें वर्षापूर्वीं एकदां कुलवृत्तांताची नक्कल बाहेरच्या डिस्कवर करून ठेवली होती खरी. पण आत्याचा आवाज त्यानंतरचा, आणि तो त्या एका संगणकांतच होता.

संगणक बदलण्याचें कारण असें. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था तर लागतेच, शिवाय इंटेलचा प्रोसेसर सामान्यतः आठव्या पिढीचा किंवा त्यापुढील असावा लागतो. आमचा सातव्या पिढीचा. पुतण्या अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्यानें तपकीर गल्लींतून नवा मदरबोर्ड, रायझन जातीचा प्रोसेसर आणि डीडीआर-५ मेमरी आणली. कॅबिनेट, वीज पुरविणारा एसएमपीएस आणि डिस्क हीं जुनींच ठेवावयाचीं असें ठरलें. धनत्रयोदशीच्या सकाळीं तो कामाला बसला आणि दुपारीं चार वाजतां त्यानें बटण दाबलें. पंखा अर्धा वेढा फिरला आणि थांबला. पुन्हां दाबलें, पुन्हां तसेंच.

"काका, बोर्डच खराब निघाला हो!" तो म्हणाला.

बोर्ड खराब आहे हा निदानाचा शेवट असतो, प्रारंभ नव्हे. परंतु तरुणांना तो प्रथम सुचतो. पंखा किंचित् हलून लगेच थांबतो याचा अर्थ एसएमपीएसनें कोठेंतरी वीज नको त्या वाटेनें जात आहे असें ओळखून आपण होऊन पुरवठा तोडला. मीं मुख्य प्लग काढावयास सांगितला आणि बोर्ड बाहेर घेतला. कॅबिनेटच्या पत्र्यावर पितळेचे छोटे टेकू असतात. कारागीर त्यांना स्टँडऑफ म्हणतात. बोर्ड त्यांच्यावरच टेकावा, पत्र्याला लागूं नये, अशी ती योजना. आमचा जुना बोर्ड आखूड मायक्रो-एटीएक्स मापाचा होता, नवा पूर्ण लांबीचा एटीएक्स. जुन्यासाठीं बसविलेले तीन टेकू नव्याच्या छिद्रांखालीं येत नव्हते. त्यांतील एक थेट बोर्डाच्या पाठीवरील डांकाच्या टोकांना टेकला होता. तिन्ही काढून टाकले.

आतां पंखे फिरूं लागले, दिवे लागले. पण पडदा काळाच. पंखे फिरतात म्हणजे यंत्र सुरू झालें, ही समजूत पुष्कळांची आहे आणि ती पुष्कळांना फसविते. अलीकडील बहुतेक बोर्डांवर चार बारीक दिवे असतात: प्रोसेसर, मेमरी, चित्र आणि डिस्क यांचे. ज्याच्याजवळ दिवा लागून राहील तेथें गाडें अडलें आहे. आमच्याकडे प्रोसेसरचा दिवा पेटला होता. एसएमपीएसमधून बोर्डाला चोवीस टांचण्यांची एक जाड दोरी येते आणि प्रोसेसरसाठीं आठ टांचण्यांची निराळी. पहिली लावली कीं पंखे आनंदानें फिरतात. दुसरी राहिली तर प्रोसेसर उपाशीच. ही दुसरी, जुना बोर्ड काढतांना, पत्र्यामागें सरकून दिसेनाशी झाली होती. घरोघरच्या तक्रारींत हें कारण फार आढळतें, म्हणून तेथें प्रथम पाहावें.

ती जोडली. तरी पडदा काळा! पुतण्या बटणाकडे हात नेणार तोंच मीं त्याचा हात धरला. डीडीआर-५ मेमरी नव्या बोर्डाशीं प्रथमच जुळतांना बोर्ड तिची परीक्षा घेत बसतो, आणि त्यास कित्येक मिनिटें लागूं शकतात. अधीरपणानें यंत्र बंद केलें तर परीक्षा पुन्हां पहिल्यापासून. वहिनी चकल्यांचा घाणा उतरवून येईपर्यंत आम्ही काळ्या पडद्यासमोर दर्शनाला बसल्यासारखे बसलों होतों. मग चित्र आलें. (ज्यांच्या प्रोसेसरच्या नांवाच्या शेवटीं 'एफ' हें अक्षर आहे, त्यांनीं मात्र असें बसून राहूं नये, त्या जातींत चित्र उमटविण्याची सोयच नसते, निराळें ग्राफिक्स कार्ड लागतें.)

खरें संकट यापुढेंच होतें. डिस्क ओळखली गेली आणि विंडोजऐवजीं एक निळें पान उघडलें. त्यानें किल्ली मागितली: अठ्ठेचाळीस आंकडे, सहा-सहांचे आठ गट.

२०१९ सालीं शेजारच्या इमारतींत चोरी झाली, तेव्हां दादांनीं एका जाणत्याकडून डिस्कला बिटलॉकरचें कुलूप घालून घेतलें होतें. या कुलुपाची किल्ली मदरबोर्डाच्या टीपीएममध्यें राहते. रोज यंत्र सुरू होतांना तें कुलूप आपोआप उघडतें, आणि म्हणून तें आहे याचाच घरच्या माणसांना विसर पडतो. नवा बोर्ड म्हणजे डिस्कच्या दृष्टीनें परका मनुष्य. त्याच्या हातांत ती स्वतःला कशी देणार? चोराला अडविण्यासाठीं जें केलें, तें तिनें चोख केलें. आंकडे छापलेला एक कागद तेव्हां दिला होता, एवढें दादांना आठवलें. मायक्रोसॉफ्टच्या खात्याशीं यंत्र जोडलेलें असतें तर किल्ली बहुधा तेथें मिळाली असती. दादांनीं तसें खातें कधीं काढलेंच नव्हतें.

दादा कांहीं बोलले नाहींत. उठून झोंपाळ्यावर जाऊन बसले. रविवारचा सबंध दिवस वहिनींनीं ट्रंका, रेशनकार्डाचें पाकीट, विम्याचे कागद, सारें पालथें घातलें. आत्याचें नांव घरांत कोणीं काढीना. पुतण्याचा चेहरा पाहवत नव्हता. रात्रीं तो हळूच मला म्हणाला, "काका, विंडोज नव्यानें घालूं का? निदान यंत्र तरी चालूं होईल." मीं त्याला निक्षून नाहीं म्हटलें. या पानावर अडलेल्या वाचकांनाहि माझी हीच विनवणी आहे: नव्यानें प्रणाली घालूं नका, डिस्क पुसूं नका. कुलूप बंद आहे, पण आंतील ठेव शाबूत आहे.

अंथरुणावर पडल्यावर माझ्या मनांत विचार आला कीं, कागद हरवला असेल, पण मूळ किल्ली तर हरवलेली नाहीं. ती जुन्या बोर्डांत आहे! मीं उठून पुतण्याला हलविलें.

"जुना बोर्ड कोठें आहे?"

"खोक्यांत. प्रोसेसर, पंखा, मेमरी, सगळें त्यावरच आहे. पण काका, तो दोन हजारांना दिला आहे. सकाळीं दहाला न्यायला येणार आहेत."

बोर्डावरील नाण्यासारखा सीआर२०३२ सेल त्यानें काढलेला नव्हता, हें आमचें नशीब; तो निघाला असता तर बोर्डाचीं ठरविलेलीं मूल्यें पुसून आणखी खटपट करावी लागली असती. रात्रीं एक वाजतां आम्हीं जेवणाच्या टेबलावर कोरडा पुठ्ठा पसरला, त्यावर जुना बोर्ड ठेवला, एसएमपीएसच्या दोन्ही दोऱ्या, डिस्क आणि पडदा जोडला. कॅबिनेटचें बटण नव्हतें. ज्या दोन टांचण्यांना तें जोडावयाचें, त्यांना स्क्रूड्रायव्हरचें टोक क्षणभर लावलें. दीड मिनिटांत विंडोज उघडलें, जणूं मध्यें कांहीं झालेंच नव्हतें.

दादांना उठवावें लागलें नाहीं. ते दारांत उभेच होते. त्यांनीं कुलवृत्तांत विचारला नाहीं. "अगोदर आत्या लाव," म्हणाले. आत्याचा आवाज लागला. आजोबांनीं दापोलीहून बैलगाडींतून आणलेल्या पितळी हंड्याची गोष्ट चालली होती. वहिनी पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरांत निघून गेल्या.

पुढील काम सरळ होतें. प्रथम सर्व कांहीं दोन निरनिराळ्या डिस्कांवर उतरविलें. किल्लीचे आंकडे छापले, आणि दादांनीं ते स्वहस्तें जमाखर्चाच्या वहींतहि लिहिले. मग बिटलॉकर पूर्ण काढून टाकलें. तें तात्पुरतें थांबविण्याचीहि सोय आहे. पण सबंध बोर्ड बदलावयाचा असतां मी पूर्ण काढणेंच पसंत करतों. सर्व डिस्क उलगडेपर्यंत पहाट झाली आणि अभ्यंगस्नानाची हांक आली. स्नानें आटोपून डिस्क नव्या बोर्डाला लावली. विंडोजनें नवे भाग ओळखण्यांत थोडा वेळ घेतला आणि तें चालू झालें. विंडोज ११ व नवें कुलूप भाऊबिजेनंतर घातलें. जुना परवाना नव्या बोर्डावर आपोआप मानला जाईलच असें नसतें, हेंहि वाचकांनीं खर्चांत धरून ठेवावें.

हरवलेला कागद पंधरा दिवसांनीं सांपडला. "अत्यंत महत्त्वाचें" असें लिहिलेल्या पाकिटांत, वहिनींच्या शालूच्या घडींत, तो फार जपून ठेवला होता.

त्या दिवशीं बरोबर दहा वाजतां बोर्ड नेण्यास गृहस्थ आले. दादांनीं त्यांना बसविलें, फराळाची ताटली पुढें केली, चहा दिला, आणि बोर्ड विकावयाचा नाहीं असें सांगितलें.