मत्स्यालयातील रोपांसाठी वाळू आणि माती

दिवाणखान्यात मत्स्यालय मांडताना सगळा विचार होतो तो माशांचा. काचपेटी किती लांब घ्यायची, दिवा कोणता, गप्पी की एंजल, यावर घरात चर्चा झडतात. तळाशी काय घालायचे हे मात्र दुकानदार ठरवतो. तो निळ्या-गुलाबी खड्यांच्या दोन पिशव्या हातावर ठेवतो आणि मुलांनी खऱ्याच झाडांचा हट्ट धरला असेल तर रोपांच्या चार जुड्याही देतो. पंधरा दिवसांत पाने पारदर्शक होऊन गळू लागतात, खोडे काळी पडतात, सडलेल्या पानांनी पाणी बिघडते आणि पाठोपाठ मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात. दोष दिला जातो पाण्याला, नाहीतर मुलांनी जास्त घातलेल्या खाद्याला. वास्तविक अशी पेटी पुष्कळदा तळापासून बिघडलेली असते.

दिवा बदलता येतो, फिल्टर बदलता येतो. तळ बदलायचा तर सगळी पेटी उपसावी लागते. म्हणून पहिल्याच दिवशी त्याच्यासाठी वेळ काढलेला बरा.

सर्वप्रथम कणांचा आकार. वाटाण्याएवढ्या खड्यांच्या फटींत माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य जाऊन कुजते, शिवाय नाजूक मुळांना धरायला काही मिळत नाही. याउलट, गिलाव्याच्या पिठासारख्या बारीक वाळूचा जाड थर दिला तर ती घट्ट बसते, आत प्राणवायू पोचत नाही आणि मुळे गुदमरतात. दोन ते तीन मिलिमीटर कणांची, कडा बोथट झालेली नदीची वाळू सर्वात सोयीची. तळाशी तोंड खुपसून चरणारे कोरीडोरास जातीचे मासे पाळायचे असतील तर टोकदार खडी मुळीच नको. तिने त्यांच्या मिश्या झिजतात. रंगीत खड्यांचा रंग पाण्यात सुटू शकतो, तेव्हा त्यांच्या वाटेला न गेलेलेच बरे.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे चुना. संगमरवराचे तुकडे, शिंपले, प्रवाळ आणि समुद्रकिनाऱ्यावरची शंखशिंपल्यांचा चुरा असलेली वाळू यांतून कॅल्शियम कार्बोनेट हळूहळू पाण्यात उतरते. पाणी जड होते, त्याचा पीएच वाढतो आणि बऱ्याच रोपांना लोह मिळेनासे होते. नवी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसू लागल्या, तर हीच शंका घ्यावी. दख्खनच्या नद्यांची काळी वाळू चांगली असते, पण तिच्यात चुनखडीचे पांढुरके कंकर हमखास मिसळलेले सापडतात. बोअरवेलचे पाणी आधीच जड असते. त्यात संगमरवराची भर म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

यावर घरच्या घरी करण्यासारखी परीक्षा आहे. मूठभर वाळू धुऊन कोरडी करावी, काचेच्या बशीत पसरावी आणि स्वयंपाकघरातील व्हिनेगरचे काही थेंब टाकावेत. फसफसून बुडबुडे आले की चुना आहे असे समजावे. कंकर मोजकेच असतील तर ते वेचून काढता येतील. सगळी बशीच फसफसू लागली तर ती वाळू कुंड्यांच्या तळाशी घालावी, पेटीत नाही.

निव्वळ वाळूत मात्र रोपांना खायला काही नसते. व्हॅलिस्नेरिया, क्रिप्टोकोरीन, अॅमेझॉन सोर्ड यांसारखी रोपे बरेचसे अन्न मुळांवाटे घेतात. त्यांच्यासाठी वाळूखाली मातीचा थर देण्याची पद्धत अमेरिकेतील डायना वॉलस्टॅड यांच्या १९९९ साली निघालेल्या पुस्तकामुळे जगभरच्या हौशी लोकांत रुजली. साधी बागेतली माती, वर वाळू आणि भरपूर रोपे, एवढाच त्यांचा थाट. जपानी छायाचित्रकार ताकाशी अमानो (१९५४-२०१५) यांची वाट निराळी होती. त्यांच्या प्रभावाने भाजलेल्या मातीचे तयार दाणे बाजारात आले. हे दाणे न धुता वापरायचे असतात. ते पाणी मऊ करतात, पण पहिले काही आठवडे अमोनिया सोडतात, आणि वर्षा-दोन वर्षांनी त्यांचा कस उतरतो. पाणी जड असेल तर तो आणखी लवकर उतरतो. खर्चाचा विचार करता सामान्य कुटुंबाला पहिलाच मार्ग परवडेल.

माती कोणती घ्यावी? शेणखत, पेंड किंवा रासायनिक खत घातलेली कुंडीची तयार माती कटाक्षाने टाळावी. कुंडीत जे खत ते काचपेटीत विष ठरते. त्यातील अमोनिया माशांच्या कल्ल्यांवर घाला घालतो. शेतातील काळी माती पाण्यात फुगते, गढूळपणा सोडत राहते आणि तिच्यात बहुधा चुनाही असतो. बिनखताची, थोडी चिकण असलेली तांबडी माती सर्वात चांगली. चिकणमातीचे कण लोह, पोटॅश, अमोनियम धरून ठेवतात आणि मुळांना लागेल तसे देतात.

लोहासाठी कोकण-गोव्यातील वाचकांना तर कुठे दूर जायलाच नको. जर्मनीतील हौशी मंडळींनी १९८०च्या दशकात ज्या लॅटराइटचा गवगवा केला आणि जे डब्यांत भरून विकले गेले, तो आपला जांभा दगडच. त्याचे लॅटराइट हे नावसुद्धा भारतातच पडले. मलबारात अंगाडिपुरमजवळ लोक हा दगड विटांसारखा कापून घरे बांधतात हे फ्रान्सिस ब्यूकॅनन यांनी पाहिले आणि १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला नाव दिले. जांभ्याचा चुरा धुऊन तळच्या एक तृतीयांश वाळूत मिसळावा. तो जुन्या भिंतीचा मात्र नको. त्याला चिकटलेले सिमेंट म्हणजे पुन्हा चुनाच.

माती चाळून काड्या आणि खडे काढावेत. मग ती बादलीत भिजवावी, दुसऱ्या दिवशी वर तरंगणारा कचरा व पाणी ओतून द्यावे आणि माती पत्र्यावर उन्हात वाळवावी. असे तीन-चार वेळा केले की सहज कुजणारा भाग निघून जातो. वाळू तसराळ्यात थोडी थोडी घेऊन, तांदूळ धुतो तशी, पाणी नितळ येईपर्यंत धुवावी. साबण किंवा डिटर्जंटचा थेंबही लागता कामा नये.

आता हिशेब. ६० सेंटीमीटर लांब आणि ३० सेंटीमीटर रुंद पेटीत दर सेंटीमीटर उंचीला १.८ लिटर वाळू लागते. लिटरभर कोरड्या वाळूचे वजन दीड किलोच्या आसपास धरले, तर ५ सेंटीमीटरच्या थराला तेरा-चौदा किलो वाळू हवी. हे वजन स्टँड पारखताना विसरू नये. पेटीखाली थर्माकोलचा ताव घालावा. मातीचा थर अडीच सेंटीमीटरपेक्षा जाड नसावा, आणि पुढच्या काचेपाशी बोटभर पट्टी फक्त वाळूचीच ठेवावी म्हणजे काचेतून चिखल दिसत नाही. वर तीन-साडेतीन सेंटीमीटर वाळू. मागे उंच, पुढे उतरती. माती असेल तर तळाच्या जाळीचा, म्हणजे वाळूखालून पाणी ओढणारा फिल्टर चालत नाही. तो माती खेचून पाण्यात मिसळतो.

थर ओला होईल इतकेच पाणी घालून आधी रोपे लावावीत. जुडीला गुंडाळलेली शिशाची पट्टी व स्पंज काढून टाकावा, काळी मुळे कापावीत आणि चिमट्याने एकेक रोप असे खोचावे की पाने फुटण्याची जागा वाळूच्या वर राहील. अॅन्यूबियस आणि जावा फर्न यांचे आडवे जाड खोड वाळूत पुरले तर सडते; ती दगडाला नाहीतर लाकडाला दोऱ्याने बांधावीत. फक्त अशीच रोपे ठेवायची असतील तर मातीचा खटाटोप कशाला? साधी वाळू पुरे. मग वाळूवर बशी ठेवून तिच्यावर बारीक धारेने पाणी सोडावे. नळाचे पाणी दिवसभर उघडे ठेवून क्लोरीन उडू द्यावा.

मुलांना सर्वात कठीण जाते ते यापुढचे. मासे लगेच सोडू नयेत. मातीतून निघणारा अमोनिया आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू वाळूत आणि फिल्टरमध्ये वस्तीला यायला साधारण तीन ते सहा आठवडे लागतात. एरव्ही 'पहिल्याच आठवड्यात सगळे मेले' अशी जी तक्रार ऐकू येते, तिचे कारण बहुधा हेच असते. दुकानात मिळणाऱ्या चाचणी-संचाने अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसले की आधी दोन-तीनच मासे आणावेत.

सुरुवातीला वाळूतून अधूनमधून बुडबुडे येतील. त्यांना घाबरण्याचे कारण नाही. सडक्या अंड्यासारखा वास आला तर मात्र थर कुठेतरी घट्ट झाला आहे. तिथे बांबूची बारीक काडी हळूच चार-पाच ठिकाणी खुपसावी आणि त्याच दिवशी पाव पाणी बदलावे. वाळू उकरणाऱ्या बारीक निमुळत्या गोगलगायी चार-दोन सोडल्या तर हे काम त्या रात्रीतून आपोआप करतात. फक्त खाद्य जास्त पडू लागले की त्यांची पिलावळ पाहता पाहता शंभरावर जाते.