घोट्यातील इंजेक्शन: आराम आणि पुरावा

गुडघा उतारवयात झिजतो, हे सर्वांस ठाऊक आहे. घोट्याची गोष्ट निराळी. त्याची झीज बहुधा जुन्या दुखापतीमागून येते. कधी काळी मोडलेले हाड, किंवा वारंवार मुरगळलेला पाय. त्यामुळे ऐन उमेदीतील, उभ्याने काम करणारा मनुष्यही या दुखण्याने अडून पडतो. हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत कूर्चा एकदा झिजली म्हणजे ती पूर्ववत् करणारे औषध अद्याप सापडलेले नाही. अशा वेळी कोणी सांध्यात इंजेक्शन घेण्यास सुचविले, तर रोग्याने ते आशेने घ्यावे, यात नवल नाही.

१९५१ मध्ये अमेरिकेतील डॉ. जोसेफ हॉलंडर यांनी सांध्यात हायड्रोकॉर्टिसोन टोचण्याचे अनुभव प्रसिद्ध केले, आणि ही पद्धत रूढ झाली. स्टेरॉइड जातीच्या या औषधांनी सूज व ठणका काही आठवडे उतरू शकतो. पण तो आराम आहे, दुरुस्ती नव्हे. गुडघ्यांवरील एका प्रयोगात, जो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, दोन वर्षे दर तीन महिन्यांनी असे औषध टोचले असता कूर्चा अधिकच पातळ झाली, आणि वेदना मिठाचे पाणी टोचलेल्यांहून कमी झाली नाही.

अलीकडे रोग्याच्याच रक्तातील प्लेटलेट एकवटून घोट्यात टोचतात. ‘आपलेच रक्त आपल्याला बरे करील’ ही कल्पना मोहक आहे, आणि महागही. हॉलंडमध्ये १०० रोग्यांवर तिची परीक्षा झाली; निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. काहींना प्लेटलेट, काहींना केवळ मिठाचे पाणी टोचले. कोणास काय मिळाले हे रोग्यांस कळू दिले नाही. २६ आठवड्यांनी घोट्याच्या स्थितीचे शंभरपैकी गुण प्लेटलेटवाल्यांत सरासरी १० ने वाढले, पाणीवाल्यांत ११ ने!

म्हणजे ‘मला गुण आला’ असे सांगणारा रोगी खोटे बोलत नाही. दुखणे मुळातच चढते-उतरते असते, आणि मनुष्य उपचारास जातो तो ते शिगेस पोहोचल्यावर. पुढचा उतार इंजेक्शनच्या खाती जमा होतो. विश्वासाचाही वाटा असतोच. मात्र याच आधारावर वैद्याने झीज भरून येण्याचे आश्वासन देऊन भरमसाट मोल घेणे समर्थनीय नाही. वजन आटोक्यात ठेवणे, घोट्यास आधार देणारे पादत्राण, नेमका व्यायाम, हातात काठी, या उपायांची जाहिरात सहसा कोणी करीत नाही. त्यांनी भागले नाही, तर सांधा कायमचा जखडून टाकण्याची किंवा कृत्रिम सांधा बसविण्याची शस्त्रक्रिया उरते.